पिवळी आणि लाल

ताकद.

“माझ्यात दहा घोडे जास्त आहेत,” गाडी उचलायच्या जॅकचा दांडा फिरवत हेल्गे म्हणाला.

“तुझ्यात नाहीत, तुझ्या गाडीत आहेत,” सिक्स्टेन म्हणाला. “ तुझ्यातला शेवटचा घोडा केव्हाच पेन्शनीत गेला.”

एप्रिलचं कोवळं ऊन. सिक्स्टेनच्या अंगणात दोन व्होल्वो ८५० गाड्या, दोन्ही टर्बो, दोन्ही कपाटासारख्या चौकोनी. पिवळी टी-५आर सिक्स्टेनची. तिच्या मागोमाग बाजारात आलेली लाल ‘आर’ हेल्गेची. दोघांचा जन्म गेला गोथेनबर्गच्या व्होल्वो कारखान्यात, एकाच लाइनवर. हिवाळ्याची, बर्फावर घसरू नयेत म्हणून खिळे लावलेली चाकं उतरवायची, उन्हाळ्याची चढवायची, तीही एकाच दिवशी, एकाच अंगणात, भांडत भांडत. हा त्यांचा सण.

रंग.

“चाकांवरचा पिवळा व्हॅनिला सॉस!”

“आणि तुझी? आग विझवायला निघाल्यासारखी.”

जागा. सारखीच. तंबू, वल्ही, किनाऱ्यावरून परतताना मागे झोपलेल्या मुली. पुढच्या सीटवर हसणाऱ्या बायका. आता दोन्ही गाड्यांचा मागचा भाग रिकामा.

नजर. हा मुद्दा कुठल्याच तुलनेत नसतो. सिक्स्टेनला काचबिंदू झाला होता. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, कडेला नुसतं धुकं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. हेल्गेला त्याने सांगितलं नव्हतं. एकदा सांगितलं की हेल्गे हळू आवाजात बोलणार, पायरीवर हात धरणार, प्रत्येक गोष्टीला हो म्हणणार. बायको गेल्यापासून सिक्स्टेनकडे हे एक भांडण तेवढं उरलं होतं.

चाकं.

शेवटचं चाक चढवून सिक्स्टेनने बोल्ट आवळले, बुटाने ठोकून पाहिलं. “झालं! कॉफी आणतो.”

कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन तो बाहेर आला, तर पिवळी पुन्हा जॅकवर. तिचं मागचं चाक हेल्गेच्या गुडघ्याला टेकलेलं.

“बोल्ट तपासत होतो,” हेल्गे म्हणाला.

बोल्ट तपासायला कुणी चाक उतरवत नाही. सिक्स्टेन अगदी जवळ जाऊन वाकला. ते चाक लाल गाडीचं होतं. त्याने स्वतःच्या हाताने ते पिवळीला बसवलं होतं. कुठल्या गाडीची चाकं देखणी, यावर भांडण्यात दोघांनी एक अख्खा हिवाळा घालवला होता.

हेल्गेने योग्य चाक लावलं, हात पुसले, पायरीवर बसून कॉफीचा घोट घेतला.

निकाल.

“खरं सांगू?” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझीच सरस आहे. पहिल्यापासून.”

हे वाक्य ऐकायला सिक्स्टेनने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. त्याने पाव तसाच खाली ठेवला.

“खोटारड्या! डोळे जातायत माझे, अक्कल नाही. नीट भांड.”