मराठीचा मास्तर

"पैसा दिल्लीचा आहे, कारभारी," शाळा तपासायला आलेले डिपटी साहेब म्हणाले. "फक्त मराठी मास्तरासाठी आलाय. वजीर मास्तरांना आता सोडावं लागेल."

वर्गातली पोरं फळ्याजवळ उभ्या मास्तरांकडं बघू लागली. निजामाच्या काळात वजीर मास्तर शहरातल्या छावणीतून देवगाव रंगारीला आले, तेव्हा त्यांची दाढी काळी होती. तेव्हापासून ते इथं उर्दूत शिकवत होते. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं आणि शाळा मराठी झाली.

गावाच्या वतीनं कारभारी उठले. "पैसा दिल्लीचा असंल साहेब, पर शाळा आमची हाय. मास्तर कोन ठेवायचा ते आमाला ठरवू द्या की."

"जाने दो, कारभारी," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "नवा मास्तर बी चांगलाच येईल." हातातला खडू मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

"तुम्ही थांबा हो मास्तर. साहेब, दिवाळीपासून मराठी शिकतेत ते."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं," दाराशी बसलेल्या सरूबाई पदर सावरत म्हणाल्या. त्या कारभाऱ्यांच्या मालकीण. माहेर निजामाच्या हद्दीबाहेरचं, कोपरगावकडचं. तिथल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. "लई मन लावून शिकले. इमानदारीनं."

साहेबांनी पुस्तक पुढं केलं. "वाचा बरं."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुस्तक डोळ्यांजवळ धरलं.

"सकाली..."

"सकाळी!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"सकाली बाला..."

"बाळा!"

"...मल्यात गेला."

"मळ्यात!"

एकही पोर हसलं नाही. मास्तरही अडखळले नाहीत. दर वेळी मान हलवून शांतपणे पुढं सरकत होते, जणू वाचायची रीतच ती.

साहेबांनी वर्गाकडं बघितलं. "हे काय चाललंय?"

"बाकी समदं मास्तर शिकिवतेत साहेब," सरूबाई म्हणाल्या. "ळ तेवढा पोरं सांभाळतेत."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांची नजर मास्तरांच्या हातातल्या खडूवर गेली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मराठी मास्तर मिळाला, एवढंच वर कळवतो. कोण मिळाला, ते तुमचं तुम्ही ठरवा."

कारभारी खाली बसले. मास्तर पुस्तक मिटू लागले.

"वाचा पुढं, मास्तर," साहेब म्हणाले.

मास्तरांनी पुस्तक पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "बालानं केलं तोडलं..."

"बाळानं केळं!" वर्ग ओरडला. त्यात एक आवाज जरा जाडा होता. पोरं वळून साहेबांकडं बघू लागली.