फटकी

थेंब पुन्हा गोटीसारखा उभा राहिला.

तेल लावलेल्या काचेवर शगुफ्ताने टाकलेला हा तिसरा थेंब. बुरशी मारणारं लिपोपेप्टाइड द्रावणात असेल, तर थेंब असा उभा राहत नाही, पसरतो.

"दीड महिना हेच चाललंय," फाल्गुनी मॅडम म्हणाल्या. "बारा वाजता प्रकल्प बंद केल्याचं पत्र पाठवते."

"अजून एक फ्लास्क आहे, मॅडम."

ते लिपोपेप्टाइड बनवणारा जिवाणू सारंगखेड्याच्या पपईच्या बागेतून आणलेला. दर आठवड्याला शगुफ्ता त्याची नवी बशी लावायची आणि दर वेळी बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांतला सगळ्यांत गुळगुळीत, चकचकीत ठिपका उचलायची. अब्बांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर तिचा हात असाच तयार झाला होता: चकचकीत मिरची टोपलीत, सुरकुतलेली, डागाळलेली फटकी बाहेर.

पाच दिवसांपूर्वी रुक्मिणीबाई फ्रिज साफ करत होत्या. प्रयोगशाळेत येण्याआधी त्यांची वीस वर्षं त्याच पथारीवर गेलेली. अगदी पहिल्या आठवड्यातली बशी हातात धरून त्यांनी विचारलं, "पोरी, हाई फटकी फेकी देऊ का?"

बशीत सुरकुतलेले ठिपके होते, मूळ जिवाणूचे. शगुफ्ताचे कान तापले. गुळगुळीत ठिपके म्हणजे बदललेले जिवाणू. जनुकातल्या एका चुकीमुळे लिपोपेप्टाइड बनवण्याच्या कष्टातून सुटलेले. म्हणूनच झटपट वाढलेले, देखणे. दीड महिना ती कामचुकारच निवडत आली होती.

आता तिने त्या सुरकुतलेल्या ठिपक्यांपासून वाढवलेल्या दुसऱ्या फ्लास्कमधला थेंब काचेवर सोडला. तो टेकला आणि बसला. पार सपाट.

मॅडमनी चष्मा पुसला. "परत टाक."

परत बसला. मग शगुफ्ताने बुरशीची बशी पुढे सरकवली. पांढरी बुरशी सगळीकडून चाल करून आली होती आणि सुरकुतलेल्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर थबकली होती. मधलं वर्तुळ लख्ख रिकामं.

"पत्र राहू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "हाच पुढे लाव. आत्ता, माझ्यासमोर."

शगुफ्ताने सुई तापवली, निववली, जुन्या बशीवर वाकली. सुई आपोआप कडेच्या एका चकचकीत ठिपक्याकडे निघाली.

"ओ मिरचीवाली!" मागून रुक्मिणीबाई कडाडल्या.

शगुफ्ता खळखळून हसली. सुई वळली, आणि बशीतल्या सगळ्यांत वेड्याविद्र्या ठिपक्यावर टेकली.