अर्धा कप

नव्या मॅक्रो लेन्सने रिटायर झालेल्या सर्व्हेअरसाहेबांच्या नाकी नऊ आणले होते. फुलातले परागकण टिपायला जावं, तर प्रत्येक फोटो धूसर. त्यात बायकोने चहा आणून ठेवला, तोही हल्ली आणते तसा अर्धाच कप! धुसफुसतच त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला आणि फुलाचा देठ तिच्या हातात दिला. श्वास रोखून बटण दाबलं. फोटो पुन्हा धूसरच.

“अगं, एक फूल धड धरता येत नाही तुला? किती हलवतेस!” ते खेकसले.



“मी नाही हो हलवत, हात आपोआप हलतो. म्हणून तर हल्ली चहा अर्धाच कप आणते.”