पहिला घोट

"ह्याला बाहेर काढा! दुधात विष कालवलंय मेल्यानं!" आईनं किंचाळत पेला भिरकावला. मालिकेत सख्ख्या आईला विष पाजणारा खलनायक मीच होतो. विस्मरण वाढत गेलं, तसा तिच्या लेखी मी मुलगा उरलोच नाही, फक्त तो खलनायक उरलो. घरात आम्ही दोघंच. माझ्या हातून ती औषधसुद्धा घेईना. शेवटी मालिकेच्या लेखकाचे पाय धरले. "त्या राक्षसाला एकदा आईपुढे रडव रे!" तो वैतागला. "राक्षस विरघळला की तुझं काम संपलं. घरी बसशील." "बसेन!" काल आईनं तो भाग पाहिला. खलनायकानं आईची माफी मागितली, पेल्यातला पहिला घोट स्वतः घेतला. आज मीही तसाच घोट घेऊन पेला पुढे केला. आई घटाघटा प्यायली. माझा गाल कुरवाळत म्हणाली, "सुधारलास बाबा! आता तेवढं माझ्या मुलाला शोधून आण."