फक्त वाचण्यापुरतं

"त्या बोंडअळीच्या फोल्डरले कुलूप लाव," हिंमतराव म्हणाले. "कोनालेच उघडता नाही आलं पाह्यजे."

अरसलानने मान वर केली. देऊळगाव राजातल्या त्या छोट्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. ऑफिसच्या साऱ्या फायली कपाटावरच्या एका काळ्या डब्यात असत. कोणी कुठली उघडायची, कोणी पुसायची, हे अरसलान देईल त्या परवानगीवर चालायचं.

"वासंती मॅडमलेबी नको? फोटो तर त्यायनंच काढले."

"कोनालेच म्हंजे कोनालेच. मलेबी नको. किल्ली फक्त तुह्या हातात." मालक दारात थांबले. "अन् काय बे, इथून पुसलेलं परत भेटते का?"

"नाही साहेब. जागा पुरत नव्हती, म्हून ती सोय बंद केली."

हिंमतराव कपाळ पुसत केबिनमध्ये गेले.

अरसलानला कळायचं ते कळलं. स्वतःचंही नाव काढायला लावलं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर मालक हात झटकायला मोकळे. पेरणी तोंडावर आली होती. पाकिटं बाजारात सोडा म्हणून जालन्याच्या भागीदाराचा रोज फोन यायचा. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याने निमूटपणे सगळ्यांच्या परवानग्या काढल्या. नोकरीचा प्रश्न होता.

पण ते फोटो त्याने पाहिले होते. कंपनीच्याच प्लॉटवरची बीटी कपाशी, फोडलेली बोंडं, आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी.

संध्याकाळी संग्रामपूरहून खुर्शीदमामूंचा फोन आला. गेल्या हंगामात त्यांनी असंच एक किडकं बोंड फोडून अरसलानच्या तळहातावर ठेवलं होतं.

"बेटा, दुकानदार म्हन्ते, तुमच्या कंपनीचं नवीन बियानं येऊन राह्यलं. लावू का? तू म्हनशील तसं."

"सांगतो मामू," म्हणून त्याने फोन ठेवला. जेवणाचं ताट त्याने तसंच सारलं. अम्मीला त्याने पित्ताचं निमित्त सांगितलं. आपणही या पापात वाटेकरी आहोत, हे काही तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत वासंती मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या. चाचणीचे प्लॉट त्यांच्याकडे होते.

"अरसलान, माझं फोल्डर उघडत नाहीये."

"साहेबांनी सांगितलं, मॅडम." त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"फोटोतल्या प्रत्येक पाटीवर माझं नाव आहे रे. हे बियाणं मीच पास केलंय. झोप लागत नाही मला." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "कृषी खात्यात माझी ओळख आहे. एकदा उघडून दे."

आपल्यासारखंच कोणीतरी आतून जळतंय, हे पाहून अरसलानला भरून आलं. "फक्त वाचण्यापुरतं देतो."

"नुसतं वाचून काय करू? नीट लावायला लागतील ना. सगळ्याच परवानग्या दे."

त्याने दिल्या. मग त्या रात्री तो पोटभर जेवला. मामूंना त्याने आपणहून फोन केला. "थोडं थांबा मामू. सारं बाहेर येते आता."

त्याच आठवड्यात हिंमतराव कृषी खात्याच्या दोन साहेबांना घेऊन थेट अरसलानच्या टेबलाशी आले. वासंती मॅडमही खुर्ची ओढून बसल्या. चहा आला.

"तुमाले मीच बोलावलं," हिंमतराव साहेबांना म्हणाले. "आमचं बियानं किडीले टिकत नाही. भागीदार ऐकत नाही, उद्या गाड्या भरून राह्यला. पुरावा पाहून तुमीच थांबवा त्याले. पुरावा म्हंजे हे फोटोच. तेबी कोनतरी एकेक करून पुसून राह्यलं होतं. कोन ते समजेना, म्हून म्या या पोराले कुलूप लावायले सांगतलं." त्यांनी अरसलानच्या खांद्यावर हात ठेवला. "हा एकच भरवशाचा. उघड बे."

अरसलानने वासंती मॅडमकडे पाहिलं. त्या बशीत चहा ओतत होत्या.

त्याने फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं.