परतीचा पाईप

आमच्या याकोबमामाच्या नगरच्या गॅरेजात काम चोख निघालं की करणाऱ्याचं नाव बॉनेटच्या आतून रंगवतात. आज तिथं माझं नाव येणार होतं, दहावीतल्या रूथचं.

जुन्या अमेरिकन गाडीला परतीचा पाईप मी एकटीनं बसवला होता. इंजिनाला नको असलेलं पेट्रोल त्यातून टाकीत परत जातं. तपासायला मी त्याचं टोक काचेच्या बाटलीत सोडलं आणि चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं. बाटलीत केशरी धार पडू लागली.

"लई भारी, पोरी," म्हणत मामानं ब्रश काढला.

बाटली भरली. दुसरी लावली, तीही भरली.

मामा 'रू' काढून थांबला. "टाकीत किती टाकलं हुतंस?"

"मी? मला वाटलं, तू टाकलंस."

"न्हाई गं. सकाळीच धुऊन वाळवलीय."

मी झाकण उघडून आत मोबाईलची बॅटरी मारली. कोरडा पत्रा चमकला.

मामानं चावी काढून घेतली. इंजिन थांबलं. धार थांबली नाही. तिसरी बाटली गळ्यापर्यंत आली.

मी माझा एकेक जोड बोटानं चाचपला. कुठंही थेंबभर गळती नव्हती.

"काम चोख आहे, मामा," मी म्हणाले. "नाव पूर्ण कर."