हातभर अंतर

“रक्त खोकताना आलं की उलटीतून?” डॉक्टरांनी विचारलं.

“खोकताना,” मुलगी म्हणाली. “लालभडक, फेसाळ. अर्धी वाटी तरी असेल.”

बाबा खाटेवर उजव्या कुशीला होते. रक्त चांगल्या फुप्फुसात उतरू नये म्हणून नर्सनं त्यांना तसं निजवलं होतं. हातातल्या सुईतून औषध चाललं होतं. मुलीनं त्यांची हनुवटी पुसायला रुमाल पुढे केला. त्यांनी रुमाल तेवढा काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. शेजारी म्हणत, कुलपं दुरुस्त करता करता माणूसही कुलूपबंद झालाय. बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, पेला वेगळ्या फळीवर. लहानपणी ती तापानं फणफणली की ते दारात खुर्ची टाकून बसायचे, आत यायचे नाहीत. एकदा बक्षीस मिळालं म्हणून ती धावत त्यांच्याकडे गेली, तर ते चक्क मागे सरले. “त्यांचा स्वभावच तुटक, मनावर घेऊ नकोस,” आई म्हणायची. तिनं मनावर घेतलंच. आई गेल्यापासून ती त्यांचं सगळं करायची, पण करायचं म्हणून.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. “इथे वरच्या बाजूला जुना खड्डा आहे. त्यातली रक्तवाहिनी फुटलीय. औषधानं थांबलं नाही तर मांडीतून बारीक नळी घालून ती बंद करावी लागेल. पूर्वी टीबी झाला होता का?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“झाला होता,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. “हिच्या जन्माआधी.”

मुलगी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

“औषधं पुरी केली होती?”

“एक दिवस चुकवला नाही. पण माझा थोरला भाऊ त्यातच गेला. त्याच्यामागोमाग त्याचं तान्हं पोर. त्याला तो छातीवर घेऊन निजायचा.” त्यांना धाप लागली. जरा थांबून ते म्हणाले, “मग माझ्यापासून अजून लागेल का, हे मी कुणाला विचारलंच नाही. बाहेर कळलं असतं तर दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं.”

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. “तुमची थुंकी तपासली. जंतू नाहीत. रक्त आलं ते जुन्या जखमेतून. औषधं पुरी झाली तेव्हाच तुम्ही बरे झाला होतात. त्यानंतर तुमच्यापासून कुणालाच धोका नव्हता.”

बाबांनी हळूच मान वळवली. मुलीकडे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं,

“म्हणजे हिला मी उचलून घेतलं असतं, तर चाललं असतं?”